इन्सुलिन पेशीत तयार असतं, मग ते सोडतं कोण?

शेवंती (धागाकर्ती)

मधुमेहाच्या मागच्या धाग्यावर एक वाक्य बऱ्याच जणांनी लिहिलं होतं: "स्वादुपिंड थकलं, इन्सुलिन बनेनासं झालं." टाइप १ मध्ये बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, मारल्याच जातात, त्यामुळे तिथे ते खरं आहे. टाइप २ च्या सुरुवातीच्या वर्षांत मात्र चित्र वेगळं असतं. पेशीत इन्सुलिन असतं. जेवल्यावर जे झटकन बाहेर यायला हवं, ते वेळेवर येत नाही. बनवणं हे एक काम आणि सोडणं हे दुसरं. मी जीवरसायनशास्त्र शिकवते. या दुसऱ्या कामाला अभ्यासक्रमात जेमतेम अर्धं पान मिळतं, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून हा धागा.

एका बीटा पेशीत इन्सुलिनच्या सुमारे १०,००० पुटिका असतात. पुटिका म्हणजे स्निग्ध पटलाची बंद पिशवी, इतकी लहान की एका मिलिमीटरमध्ये अशा तीन हजारांवर ओळीने मावतील. आत इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताच्या दोन आयनांभोवती जमून त्यांचे स्फटिक झालेले असतात. यातल्या अगदी थोड्या पुटिका पेशीच्या बाहेरच्या पटलाला टेकून सज्ज असतात. बाकीच्या मागे थांबलेल्या.

अडचण अशी की पुटिकेलाही पटल आणि पेशीलाही पटल. दोन्ही एकजीव झाल्याशिवाय आतलं बाहेर पडणार नाही, आणि ती आपणहून एकजीव होत नाहीत. दोन्हींवर ऋण भार असतो, वर पाण्याचा चिकटून बसलेला थर. तो हटवून पटलं भिडवायला जोर लावावा लागतो.

हा जोर तीन प्रथिनं लावतात. पुटिकेवर सिनॅप्टोब्रेव्हिन, पेशीपटलाच्या आतल्या अंगाला सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. या कुळाला स्नेअर म्हणतात. भेटल्यावर ती एकमेकांभोवती पीळ घेतात आणि चार सर्पिल दांड्यांची घट्ट जुडी होते. सिनॅप्टोब्रेव्हिन आणि सिंटॅक्सिनची एकेक दांडी, स्नॅप-२५ च्या दोन. पीळ पटलापासून लांबच्या टोकाला सुरू होतो आणि पटलाच्या दिशेने सरकत जातो, जॅकेटची चेन लावत न्यावी तसा. शेवटपर्यंत पोचला की पटलं एकमेकांवर दाबली जातात आणि त्यांच्यात भोक पडतं. या जुडीची स्फटिकरचना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. आतल्या बाजूला एकावर एक १६ थर आहेत. त्यातले पंधरा पाणी टाळणारे, आणि मधोमध एकच वेगळा, तीन ग्लुटामिन आणि एक आर्जिनिनचा. यीस्टपासून माणसापर्यंत हा मधला थर जवळपास तसाच टिकून आहे. मला तो प्रत्येक वेळी पाहताना भरून येतं.

मग चेन सारखी लागतच का राहत नाही? कारण ती अर्धी लागल्यावर तिला तिथेच धरून ठेवणारी प्रथिनं आहेत. सिनॅप्टोटॅगमिन हे त्यातलं मुख्य. त्याला कॅल्शियम ओळखता येतं. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी जास्त असतं. पटलातला मार्ग क्षणभर उघडला की ते आत घुसतं, सिनॅप्टोटॅगमिनला चिकटतं, त्याचं टोक पटलात रुततं आणि अडलेली चेन पूर्ण लागते. मेंदूतल्या चेतापेशीत कॅल्शियम आत आल्यापासून रसायन बाहेर पडेपर्यंत मिलिसेकंदाहून कमी वेळ लागतो. बीटा पेशीत सिनॅप्टोटॅगमिनचा प्रकार वेगळा आहे, सातव्या क्रमांकाचा, आणि वेगही निवांत. पण सिनॅप्टोब्रेव्हिन, सिंटॅक्सिन, स्नॅप-२५ हे त्रिकूट तेच. विचार करायला लावणारी यंत्रणा आणि साखर सांभाळणारी यंत्रणा, दोन्हींच्या दारात हेच तिघे आहेत.

प्रश्न विचारा, भर घाला. आकृती लवकरच चढवते.

---

रानवारा

वाचनखूण साठवली. एक साधा प्रश्न. आई ग्लिमेपिराइड घेते. डॉक्टर म्हणतात गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही, नाहीतर साखर उतरते. ही गोळी तुम्ही सांगितलेल्या साखळीत नक्की कुठे बसते?

---

शेवंती

@रानवारा, प्रश्न अगदी मर्मावर आहे.

रक्तातली साखर वाढली की ती बीटा पेशीत शिरते, जळते आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, वाढतं. पेशीपटलात पोटॅशियमचा एक मार्ग असतो, तो एटीपी वाढलं की बंद होतो. तो बंद झाला की पटलावरचा विद्युतभार बदलतो, त्याने कॅल्शियमचा मार्ग उघडतो, आणि पुढचं वर लिहिलंच आहे. म्हणजे "साखर आली आहे" हा निरोप पोटॅशियमच्या मार्गापाशी दिला जातो.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, जुनं ग्लिबेनक्लामाइड, ही सगळी औषधं त्याच मार्गाला चिकटून तो बंद करतात. साखर असो वा नसो. जेवण चुकलं तरी पेशीला वाटतं साखर आली, आणि इन्सुलिन सुटतं. आईंच्या डॉक्टरांचं म्हणणं तंतोतंत याच कारणाने आहे.

जीएलपी-१ (जेवल्यावर आतड्यातून सुटणारं संप्रेरक) च्या वळणाची औषधं वेगळ्या जागी काम करतात. ती कॅल्शियमने सुरू झालेल्या कामाला जोर देतात, स्वतः ते सुरू करत नाहीत. साखर कमी असताना त्यांचा परिणामही मंदावतो. म्हणून एकटी घेतली तर साखर फार उतरण्याचा धोका कमी.

---

डॉ_माणदेशी

शेवंतीताई, धागा उत्तम. मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. तुमच्या या सिनॅप्टोब्रेव्हिनचं नाव मी शिकलो ते धनुर्वातामुळे, त्यावर लिहितो.

हल्ली हे रुग्ण क्वचित दिसतात, पण ज्याने पाहिलाय तो विसरत नाही. खिळा किंवा काटा लागल्यावर आठवडाभराने जबडा उघडेनासा होतो. मग मान, पाठ, पोट सगळं ताठ. कुणी दार आपटलं, दिवा लावला, नुसता हात लावला तरी सगळं अंग कमानीसारखं वाकतं. शुद्ध पूर्ण असते. त्याला सगळं कळत असतं, हे सगळ्यात वाईट. म्हणून अशा रुग्णाला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवतात.

घडतं ते असं. जखमेतल्या जंतूचं विष चेतातंतूतून उलटं चढत मज्जारज्जूत जातं. तिथे स्नायूंना आवर घालणाऱ्या चेतापेशी असतात, त्या ग्लायसिन आणि गाबा ही आवर घालणारी रसायनं सोडतात. विष त्यांच्यात शिरतं आणि सिनॅप्टोब्रेव्हिन मधूनच कापतं. एकाच ठरलेल्या जागी, ७६ व्या आणि ७७ व्या अमिनो आम्लाच्या मध्ये. ग्लायसिन पेशीत भरपूर असतं, सुटत नाही. आवर गेला की उरतो तो नुसता आखडलेला स्नायू.

यातून दोन गोष्टी रुग्णाच्या घरच्यांना समजावाव्या लागतात. एक, आपण जे प्रतिविष टोचतो ते रक्तात मोकळं असलेलं विष निकामी करतं. पेशीत शिरलेल्यापर्यंत ते पोचत नाही. तिथे नवीन प्रथिन तयार होईपर्यंत रुग्णाचा श्वास चालू ठेवणं, झटके आवरणं एवढंच हातात असतं, आणि त्याला आठवडे लागतात. दोन, धनुर्वातातून बरा झालेला माणूस पुन्हा धनुर्वाताला बळी पडू शकतो. विष इतक्या कमी मात्रेत काम करतं की शरीराला त्याची ओळखच पटत नाही. बरं झाल्यावरही लस घ्यावीच लागते.

नवजात बाळाचा धनुर्वात हा आमच्या आधीच्या पिढीच्या डॉक्टरांचा रोजचा विषय होता. विळ्याने कापलेली नाळ, त्यावर शेण किंवा राख. आठवड्याच्या आत बाळ दूध ओढायचं थांबायचं. गरोदरपणातली लस, स्वच्छ पातं, दवाखान्यातली बाळंतपणं, या सगळ्यामुळे २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजातांचा धनुर्वात निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. याचा अर्थ जंतू गेला असा नाही. तो मातीत आहेच. लस चुकवू नका. आता टीटीऐवजी टीडी देतात, तीच.

---

तांबडीमाती

डॉक्टर, वाचून अंगावर काटा आला. आमच्या आजीची दोन भावंडं "सातव्या दिवशी गेली" असं घरात सांगतात. कारण कुणालाच माहीत नव्हतं.

---

नीलाक्षी

याच यंत्रणेची दुसरी बाजू लिहिते, कारण ती आमच्या घरात आहे.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. पोटऱ्या इतक्या आखडलेल्या की टाच जमिनीला टेकायची नाही, चवड्यांवर चालायचा. त्याला पोटरीत बोट्युलिनमची इंजेक्शनं देतात. हो, तेच जे सुरकुत्यांसाठी वापरतात. पहिल्यांदा सुचवलं तेव्हा मी घाबरले होते, म्हणून मिळेल ते वाचून काढलं.

हे विषही धनुर्वाताच्या विषाचं भावंडच, जवळच्या कुळातल्या जंतूचं. पण ते मज्जारज्जूत न जाता चेतातंतू स्नायूला भेटतो तिथेच राहतं. ए प्रकारचं विष स्नॅप-२५ कापतं. स्नॅप-२५ मध्ये २०६ अमिनो आम्लं असतात, त्यातली शेवटची फक्त ९ छाटली जातात. बाकी प्रथिन तसंच, पण चेनचं पटलाजवळचं टोक जुळत नाही. स्नायूला आखडायला सांगणारं ॲसिटिलकोलिन हे रसायन सुटत नाही, स्नायू सैल पडतो. बी प्रकारचं विष सिनॅप्टोब्रेव्हिन कापतं, आणि गंमत म्हणजे धनुर्वाताचं विष जिथे कापतं नेमकं तिथेच. रोग अगदी उलटे, एकात शरीर ताठ, दुसऱ्यात लुळं. फरक फक्त विष कुठल्या पेशीत शिरलं याचा.

इंजेक्शनाचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात आणि तीनेक महिने टिकतो. त्या काळात फिजिओथेरपी झाली नाही तर हाती काही लागत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण इंजेक्शन झालं म्हणजे काम झालं असं समजून व्यायाम सोडून देणारे पालक मी पाहिले आहेत. औषध स्नायूला सैल करतं. त्या सैलपणात स्नायू ताणून घेणं आणि पायाला नवी सवय लावणं हे काम आपलं. आमच्याकडे टाच आता टेकते.

---

शेवंती

@नीलाक्षी, खूप खूप बरं वाटलं वाचून. तुमच्या मुलाला भरपूर शुभेच्छा.

थोडी भर घालते. बोट्युलिनमचं विष पेशीत शिरतं कसं, तेही याच यंत्रणेतून. पुटिका फुटून पटलात मिसळली की तिची आतली बाजू क्षणभर बाहेर दिसते. तिथे एसव्ही-२ नावाचं प्रथिन असतं. ए प्रकारचं विष त्याला धरतं, आणि पुटिका परत आत ओढली जाते तेव्हा तिच्यासोबत आत जातं. म्हणून जी पेशी जास्त काम करते तिच्यात जास्त शिरतं.

---

भर_दुपार

प्रतिसाद सगळेच माहितीपूर्ण आहेत. पण मला पुरावा कळला पाहिजे. डोळ्यांनी न दिसणाऱ्या तीन प्रथिनांना "हीच ती" असं कुणी आणि कशावरून ठरवलं? विष कापतं म्हणून प्रथिन महत्त्वाचं, एवढं मला पटतं. पण तीच जोर लावतात, हे कसं कळलं?

---

कुलाबेकर

@भर_दुपार, प्रश्न रास्त आहे. मी निवृत्त संशोधक आहे, माश्यांच्या चेतासंस्थेवर काम केले. माशी म्हणजे फळमाशी, ड्रॉसोफिला. जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात बेडकाच्या स्नायूपासून करावी लागेल. १९५० च्या दशकात लंडनमध्ये बर्नार्ड कॅट्झ यांनी स्नायूत बारीक विद्युतअग्र खुपसून पाहिले, तर चेतातंतू शांत असतानाही स्नायूत अर्ध्या मिलिव्होल्टचे छोटे ठोके मधूनमधून उमटत होते. मोठा संदेश आला की त्याचा आकार या छोट्या ठोक्यांच्या पटीत येई. म्हणजे रसायन झिरपत नाही, ठरावीक मापाच्या पुड्यांनी सुटते. एक पुडी म्हणजे एक पुटिका हे पुढे स्पष्ट झाले. कॅल्शियम लागते हेही त्यांच्याच गटाने दाखवले. १९७० चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. पण पुटिका फुटते कशी, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर तीन वाटांनी आले. बर्कलेत रँडी शेकमन यांनी यीस्ट निवडले. तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला असेल, यीस्टला ना मेंदू ना संप्रेरके. त्यांनी तापमान वाढवले की स्रवण थांबते असे उत्परिवर्ती यीस्ट शोधले. पद्धत सुरेख होती. स्रवण थांबले तरी आत प्रथिने बनत राहतात, त्यामुळे पेशी जड होतात. जड पेशी वेगळ्या काढायच्या. १९८० पर्यंत अशी २३ जनुके हाती आली. इथे बनवणे चालू आणि सोडणे बंद, हेच तर शेवंतीताईंचे सूत्र.

दुसरी वाट जेम्स रॉथमन यांची. त्यांनी पेशी फोडून तिचे भाग परीक्षानळीत पुन्हा कामाला लावले आणि कोणत्या प्रथिनावाचून अडते ते पाहिले. त्यातून एनएसएफ हे प्रथिन १९८८ मध्ये शुद्ध रूपात मिळाले. मग याला कोण धरते, हे पाहण्यासाठी त्यांनी गाईच्या मेंदूचा अर्क घेतला. १९९३ मध्ये त्यातून नेमकी तीन प्रथिने निघाली: सिंटॅक्सिन, स्नॅप-२५, सिनॅप्टोब्रेव्हिन. त्याच सुमारास धनुर्वात आणि बोट्युलिनमची विषे याच तिघांना कापतात हेही समोर आले. दोन अगदी वेगळ्या दिशांनी येऊन लोक एकाच ठिकाणी पोचले. तुम्हाला हवा तो पुरावा त्यानंतर १९९८ मध्ये मिळाला. कृत्रिम स्निग्ध पुटिकांवर फक्त ही प्रथिने बसवली, दुसरे काही नाही, आणि त्या पुटिका एकजीव झाल्या.

तिसरी वाट थॉमस सुडहॉफ यांची. कॅल्शियम कोण ओळखते? त्यांनी सिनॅप्टोटॅगमिन पुढे आणले. २००१ मधला उंदरांवरचा प्रयोग मला सगळ्यात पटणारा वाटतो. सिनॅप्टोटॅगमिनमधले एकच अमिनो आम्ल बदलून त्याची कॅल्शियमची ओढ निम्मी केली, तर रसायन सुटण्याचे प्रमाणही निम्म्यावर आले. प्रथिन काढून टाकले आणि काम थांबले, यापेक्षा हा पुरावा कितीतरी बळकट. तिघांना २०१३ चे नोबेल मिळाले.

आता आपल्याकडचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे ते कॅल्टेकमध्ये सेमूर बेंझर यांच्याबरोबर होते, आणि १९७६ मध्ये दोघांनी तापमान वाढले की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर निबंध लिहिला. त्यातली एक कोमॅटोज. मी तिला पुष्कळदा पाहिले आहे. काचेची नळी गरम पाण्यात धरली की माशी भिंतीवरून खाली पडते, पाय किंचित थरथरतात आणि मग निपचित. दुसऱ्या जातीच्या लुळ्या माश्या थंड केल्या की लगेच उठून चालू लागतात. ही उठत नाही, बराच वेळ तशीच पडून राहते. का, ते तेव्हा कुणालाच सांगता आले नाही.

उत्तर जवळजवळ वीस वर्षांनी मिळाले. कोमॅटोजमध्ये बिघडलेले जनुक एनएसएफचे निघाले. रॉथमन यांनी शुद्ध केलेले तेच प्रथिन. आणि शेकमन यांच्या यीस्टमधले सेक-१८ हेही तेच. यीस्ट, गाईचा मेंदू आणि सिद्दिकी-बेंझर यांची माशी, एकाच प्रथिनाशी येऊन थांबली.

---

भर_दुपार

@कुलाबेकर, मनापासून आभार. कृत्रिम पुटिकांचा प्रयोग आणि निम्म्या कॅल्शियमचा प्रयोग, या दोन्हींनी माझं समाधान झालं. पण एनएसएफ नक्की करतं काय? आणि माशीला उठायला वेळ का लागतो?

---

कुलाबेकर

एनएसएफ चेन उघडते. एकदा पीळ बसला की ती जुडी इतकी पक्की असते की आपोआप सुटत नाही. एनएसएफ एटीपी जाळून ती उलगडते, मग तिन्ही प्रथिने पुढच्या खेपेला मोकळी होतात. म्हणजे ऊर्जेची किंमत प्रत्यक्ष सोडताना मोजली जात नाही, ती आधीच मोजून ठेवलेली असते. म्हणूनच सोडणे इतके झटपट होते.

कोमॅटोज माशीत तापमान वाढल्यावर उलगडणे थांबते. वापरलेल्या जुड्या साचत जातात, मोकळी प्रथिने संपतात, माशी पडते. थंड केल्यावर साचलेल्या सगळ्या जुड्या उलगडायला वेळ लागतोच.

---

रानवारा

म्हणजे तीन प्रथिनं, एक कॅल्शियम ओळखणारं, एक उलगडणारं. एवढ्यात सगळं भागतं असं समजू का?

---

शेवंती

नाही, आणि इथे माझं कुलाबेकर सरांशी थोडं वेगळं मत आहे. कृत्रिम पुटिकांचा प्रयोग महत्त्वाचा आहेच, पण त्यावरून "स्नेअर पुरेत" असा निष्कर्ष बऱ्याच ठिकाणी काढला जातो, तो मला घाईचा वाटतो. मंक-१८ नावाचं प्रथिन आहे, शेकमन यांच्या यीस्टमधल्या सेक-१ चं आपल्यातलं रूप. २००० मध्ये उंदरात ते पूर्ण काढून टाकलं. गर्भात मेंदू घडला, थर बसले, चेतापेशी एकमेकींना जाऊन भेटल्या, पण एकही पुडी सुटली नाही. कॅट्झ यांना दिसलेला तो शांततेतला छोटा ठोकासुद्धा नाही. तिन्ही स्नेअर जागेवर असताना. पिल्लं जन्मताच गेली. जिवंत पेशीत मंक-१८ आणि मंक-१३ हे दोघे स्नेअरना योग्य रीतीने जुळवून देतात. त्यांना "मदतनीस" म्हणून बाजूला काढणं मला मान्य नाही.

माणसात मंक-१८ चं जनुक एसटीएक्सबीपी-१ या नावाने ओळखलं जातं. त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी तान्ह्या बाळांना आवरायला कठीण अशा फिट्स येतात आणि वाढ मागे पडते. २००८ मध्ये हा संबंध उघड झाला.

---

कुलाबेकर

मंक-१८ बद्दल दुमत नाही. माझा मुद्दा एवढाच की जोर कोण लावते, या प्रश्नाचे उत्तर स्नेअर हेच आहे. जुळवणारे वेगळे, जोर लावणारे वेगळे.

---

शेवंती

हे मान्य. पण विद्यार्थ्यांना शिकवताना मी दोन्ही एका दमात सांगेन.

---

सायली_के

फिट्सचा विषय निघाला म्हणून. भावाला लेव्हेटिरासिटाम चालू आहे. त्याचाही इथे संबंध आहे का?

---

डॉ_माणदेशी

आहे. शेवंतीताईंनी वर एसव्ही-२ लिहिलं ना, त्याच्याच ए प्रकाराला हे औषध चिकटतं. हे २००४ मध्ये कळलं, औषध बाजारात आल्यावर. फिट्सची बरीच औषधं सोडियमच्या मार्गावर किंवा गाबावर काम करतात, हे थेट पुटिकेवरच्या प्रथिनावर. भावाचा डोस मनाने कमी-जास्त करू नका आणि गोळी अचानक बंद तर मुळीच करू नका.

---

मोगरा_अंगण

मी बाळंतीण आहे, बाळ दीड महिन्याचं. धागा रात्री बाळाला पाजताना वाचते आहे. शेजारच्या खोलीत बाळ नुसतं रडलं तरी मला पान्हा फुटतो, आणि कधी पाहुण्यांची गर्दी असली की बाळ ओढत राहतं तरी दूध उतरत नाही. हे पण संप्रेरक सोडण्याचंच ना?

---

शेवंती

@मोगरा_अंगण, अभिनंदन! आणि हो, हे अगदी तेच आहे.

दूध स्तनात आधीच तयार असतं. ते पुढे ढकलायला ऑक्सिटोसिन लागतं. ऑक्सिटोसिन बनवणाऱ्या चेतापेशी मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये असतात, त्यांचे तंतू खाली पियुषिकेच्या मागच्या भागात येतात, आणि तिथे पुटिका साठवलेल्या असतात. या पुटिका मेंदूतल्या नेहमीच्या चेतापुटिकांपेक्षा मोठ्या. चेतापुटिका रिकामी झाली की तंतूच्या टोकाशीच पुन्हा भरून घेता येते. ऑक्सिटोसिनची पुटिका वरून पेशीच्या मध्यातूनच भरून यावी लागते. त्यामुळे ती उगाच खर्च होऊन चालत नाही.

एखाददुसऱ्या विद्युतठोक्याने ती सहजी सुटत नाही. उंदरांमध्ये हे फार बारकाईने पाहिलंय. पिल्लं सतत ओढत असतात, पण आईच्या या सगळ्या पेशी काही मिनिटांतून एकदा, दोन-चार सेकंद, एकसाथ जोरात ठोके देतात. त्या सेकंदांत टोकाशी पुरेसं कॅल्शियम जमतं आणि ऑक्सिटोसिन एकदम सुटतं. ताण असला की हे एकसाथ ठोके देणं अडतं. दूध आटलेलं नसतं. सोडण्याचा निरोप अडलेला असतो. आणि बाळाच्या रडण्याने पान्हा फुटतो, कारण हा निरोप कानावाटेही जाऊ शकतो.

पाहुणे असतील तेव्हा निःसंकोच आतल्या खोलीत जा. घरच्यांना हा प्रतिसाद वाचायला दिलात तरी चालेल.

---

तांबडीमाती

मोगरा, आमच्याकडे पहिले सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत फार माणसं जाऊ देत नसत. त्यामागे काही तरी पाहिलेलं असणार.

---

मोगरा_अंगण

सासूबाईंना वाचून दाखवलं. आजपासून पाहुण्यांना संध्याकाळी बोलवायचं ठरलंय. धन्यवाद ताई.

---

भर_दुपार

शेवंतीताई, मूळ मुद्द्याकडे येतो. टाइप २ मध्ये सोडणं बिघडतं, पेशी अजून असतात, असं तुम्ही म्हणालात. मग बिघडलेलं सोडणं परत सुरू होऊ शकतं का? की एकदा गेलं ते गेलंच?

---

शेवंती

काहींच्यात परत येतं, निदान सुरुवातीच्या वर्षांत.

शिरेतून ग्लुकोज दिलं की निरोगी माणसात इन्सुलिन दोन टप्प्यांत येतं. पहिला टप्पा काही मिनिटांत उसळून ओसरतो, या त्या टेकून सज्ज असलेल्या पुटिका. दुसरा संथ आणि लांब, मागच्यांचा. टाइप २ मध्ये पहिला टप्पा फार लवकर जातो. अशा रुग्णांच्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशींच्या पुंजक्यांमध्ये स्नेअर प्रथिनांचं प्रमाणही घटलेलं आढळलं आहे. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही हा आजाराचा दुसरा भाग, आणि पुढे जाऊन पेशींची संख्याही घटते, तेही खरं.

२०११ मध्ये न्यूकॅसलला रॉय टेलर यांच्या गटाने टाइप २ च्या ११ रुग्णांना आठ आठवडे दिवसाला ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवलं. स्वादुपिंडातली चरबी उतरली आणि गेलेला पहिला टप्पा परत आला, जवळपास निरोगी माणसाइतका. पेशी मेल्या असत्या तर आठ आठवड्यांत हे झालं नसतं. त्या होत्या, त्यांच्यात इन्सुलिन होतं, सोडणं अडलं होतं. हे सगळे रुग्ण निदान होऊन चार वर्षांच्या आतले होते. आजार जुना होत जातो तशी ही शक्यता कमी होते.

---

डॉ_माणदेशी

हे वाचून कुणीही उद्यापासून ६०० कॅलरींवर जाऊ नका. रानवारा, तुमच्या आईंसारखी ग्लिमेपिराइडवर असलेली माणसं तर अजिबात नाही. जेवण इतकं कमी करून गोळी तशीच चालू ठेवली तर साखर कधी खाली जाईल सांगता येत नाही. ती गोळी आधी डॉक्टरांना बंद किंवा कमी करावी लागते, रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. निदान नुकतंच झालेलं असेल आणि वजन जास्त असेल, तर आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा, आणि विचारताना चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.

---

रानवारा

पुढच्या भेटीत विचारतो, डॉक्टर. आईला निदान होऊन दोन वर्षं झालीत.